छोट्या तळ्याला आठपट पुरे : ८×४२ची दुर्बीण वापरून झालेलं मत

पक्षी बघायचा नाद नव्याने लागला की पहिला प्रश्न दुर्बिणीचा येतो, आणि त्याचं उत्तर बहुतेक जण ‘जास्तीत जास्त मोठं दाखवणारी घ्या’ असंच देतात. दहापट, बारापट, जमलं तर वीसपट. मी आठपटीची वापरते, ८×४२. माझं जाणं-येणं बहुतेक एका छोट्या तळ्यावर असतं. समोरच्या काठावरचा बगळा नुसत्या डोळ्यांनीही पांढरा ठिपका म्हणून दिसतो, एवढंच ते तळं. मधे कमळाची पानं, एका अंगाला पाणकणसाचं बेट, दुसऱ्या अंगाला उथळ चिखल. अशा तळ्यासाठी आठपटीच्या वर जायची गरज नाही, आणि गेलात तर हातचं काही गमवाल, असं माझं ठाम मत आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सांगायचंय ते या मापाच्या कुठल्याही बऱ्या दुर्बिणीला लागू पडतं.

आकड्यांचं आधी उरकते. ८ म्हणजे पट. ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ला ८ने भागलं की सव्वापाच येतात. मागच्या भिंगातून डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाच्या झोताची ही रुंदी. भर दुपारी आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे तेव्हा या आकड्याने काही बिघडत नाही की सुधारत नाही. पण तळ्यावर जायचं ते झुंजुमुंजू होताना. तेव्हा बाहुली चांगली मोठी झालेली असते आणि तिला मिळेल तेवढा उजेड हवा असतो. खिशात मावणाऱ्या ८×२५च्या दुर्बिणीतून हा झोत जेमतेम ३ मिलिमीटरचा येतो. पाणकणसाच्या बुडाशी त्या वेळी तिच्यातून नुसता काळोख दिसतो. माझ्या दुर्बिणीतून त्याच काळोखात जांभळी पाणकोंबडी दिसते, आणि नुसती दिसत नाही, काय करतेय तेही कळतं. एका पायावर उभी राहून दुसऱ्या पायाच्या लांब बोटांत ती पाणकणसाचं देठ धरते, चोचीपाशी आणते आणि आतला पांढरा गर सोलून खाते. लाल चोच, कपाळावरचा लाल टिळा आणि शेपूट हलली की खालून चमकणारी पांढरी पिसं, हे सगळं सूर्य वर यायच्या आधी बघायला मिळतं.

आता मुख्य मुद्दा, दृश्यक्षेत्राचा, म्हणजे दुर्बिणीतून एका वेळी किती रुंद दिसतं त्याचा. दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही. दुर्बिणीवर किंवा खोक्यावर हा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो, एक तर अंशांत, नाही तर हजार मीटरवर किती मीटर अशा हिशोबाने. माझ्या दुर्बिणीचं क्षेत्र ८ अंशांचं आहे, म्हणजे हजार मीटरवर सुमारे १४० मीटर. छोट्या तळ्यावर पक्षी असतात पन्नासएक मीटरवर, आणि तिथे हाच हिशोब ७ मीटरवर येतो. दहापटीच्या नेहमीच्या दुर्बिणीचं क्षेत्र साडेसहा अंशांच्या आसपास असतं, त्यातून तेवढ्याच अंतरावर पावणेसहा मीटरही धड दिसत नाहीत. सव्वा मीटरचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटेल. टिबुकलीच्या, म्हणजे डुबक्या मारणाऱ्या छोट्या पाणपक्ष्याच्या, मागे लागलात की त्याची किंमत कळते. ती डुबकी मारते, पंधरा-वीस सेकंद पाण्याखाली राहते आणि भलतीकडेच वर येते. अरुंद क्षेत्राच्या दुर्बिणीने तिला शोधत राहावं लागतं. सापडते तोवर तिने मासा गिळलेला असतो किंवा ती पुन्हा खाली गेलेली असते. रुंद क्षेत्रात ती पुष्कळदा चौकटीतच वर येते. मग चोचीत आडवा धरलेला मासा ती कसा फिरवते, डोकं आधी जाईल असा कसा सरळ करते, हे शेवटपर्यंत बघता येतं.

टिबुकलीच्याच घरट्याचा एक प्रकार या दुर्बिणीने मला दाखवला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिचं घरटं म्हणजे पाण्यात तरंगणारा, कडेच्या गवताला अडकवलेला कुजक्या पाणवनस्पतींचा ढीग. लांबून कचराच वाटतो. मी पलीकडच्या काठावर झाडाच्या बुंध्याला टेकून बसले होते. वरून घारीची सावली सरकली आणि घरट्यावरची टिबुकली उठली. पण लगेच पाण्यात उतरली नाही. चोचीने भराभर आजूबाजूचं ओलं शेवाळ आणि पानं ओढून तिने अंडी पूर्ण झाकून टाकली, आणि मगच आवाज न करता पाण्यात शिरली. झाकण्याला काही क्षणच लागले. या अंड्यांचा मूळ रंग पांढरा, पण ओल्या शेवाळाखाली राहून राहून ती तपकिरी डागाळत जातात. ती डागाळलेली अंडी आणि त्यांच्यावर पडणारं एकेक पान मला तेवढ्या अंतरावरून स्पष्ट दिसलं. आणखी जवळ जायची गरजच नव्हती, आणि जाणं योग्यही नव्हतं. आपण फार जवळ गेलो की घाईत उठलेल्या पक्ष्याला अंडी झाकायलाही वेळ मिळत नाही, आणि उघडी अंडी उन्हात तापतात किंवा कावळ्याच्या नजरेला पडतात. चांगल्या दुर्बिणीवर पैसे घालायचं माझ्या लेखी पहिलं कारण हेच आहे, की तिने आपण लांब राहू शकतो.

कमळपक्ष्यांसाठी तर आठपट अगदी नेमकी बसते, कारण ते सतत चालत असतात. कांस्यपंखी कमळपक्ष्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे नराचं काम. मादी आकाराने मोठी, आणि तिचे एकाहून जास्त जोडीदार असतात. नर पानांवरून चालत असतो, अवतीभोवती कापसाच्या बोळ्यांसारखी पिल्लं. धोका वाटला की तो खाली बसतो, पंख किंचित उघडतो, पिल्लं आत शिरतात, आणि तो त्यांना बगलेत दाबून तसाच उठून चालू लागतो. त्या वेळी दुर्बीण त्याच्यावर रोखलेली असेल तर पंखांच्या खालून लोंबणारे लांबच लांब जास्तीचे पाय दिसतात. नुसत्या डोळ्यांना यातलं काहीच कळत नाही, एक तपकिरी पक्षी पानांवरून चालला एवढंच वाटतं.

माझ्या वडिलांकडे जुनी १०×५०ची आहे. मधेच खांदे काढलेली, जड, जुन्या धाटणीची. आतल्या लोलकांची ही रचना इग्नात्सिओ पोरो या इटालियन माणसाने शोधली आणि १८५४ साली तिचं पेटंट घेतलं. अजूनही त्याच रचनेच्या दुर्बिणी बनतात आणि कमी पैशात चांगलं चित्र देतात. पुढची भिंगं डोळ्यांपेक्षा लांब लांब बसवलेली असल्याने तिच्यातून खोली फार सुंदर कळते, पुढचं गवत कुठे आणि मागचा पक्षी कुठे हे वेगळं उठून दिसतं. बाबांची दुर्बीण चित्राच्या बाबतीत माझ्या दुर्बिणीपेक्षा उणी नाही. अडचण आहे ती हाताच्या थरथरीची. पक्षी दहापट मोठा दिसतो तशी हाताची थरथरही दहापट होते. बाबांचं वय झालंय, वजन पेलत नाही. चांदव्याचं, म्हणजे काळ्या पाणपक्ष्याचं, पांढरं कपाळ त्यांना सतत नाचताना दिसायचं आणि ते थोड्या वेळात कंटाळून दुर्बीण खाली ठेवायचे. माझी दिली तर म्हणाले, “ही बरी आहे गं, पक्षी जागेवर राहतो.” त्यानंतर तळ्यावर ती त्यांच्याच गळ्यात असते आणि मला मागून घ्यावी लागते. बारापट आणि त्यापुढच्या दुर्बिणी तिवईशिवाय धड वापरता येत नाहीत, धडधाकट माणसालाही.

माझी दुर्बीण सरळ नळ्यांची, म्हणजे रूफ (छपरासारख्या कडेच्या) लोलकाची. ही रचना आटोपशीर असते, पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून बंद करायला सोपी असते. पण तिच्यात लोलकाच्या छपराशी उजेडाचे दोन भाग होतात आणि ते पुन्हा जुळताना चित्राचा कस थोडा उतरतो. त्यावर उपाय म्हणून लोलकाला फेज कोटिंग नावाचा लेप देतात. सरळ नळ्यांची घेत असाल तर हा लेप आहे का, हे विचारून घ्याच. बाबांच्या दुर्बिणीसारखी पोरो रचनेची घेत असाल तर लोलकाची काच चांगली बीएके-४ आहे की स्वस्तातली बीके-७, हे दुकानात उभ्या उभ्या बघता येतं. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा आणि मागच्या भिंगात दिसणारं प्रकाशाचं वर्तुळ बघा. ते स्वच्छ गोल असेल तर उत्तम. कडा कापल्यासारखी, करडी चौकोनी छटा दिसली तर बहुधा स्वस्तातली काच आहे.

मला चश्मा आहे आणि तो काढून बघणं जमत नाही, कारण पक्षी दिसला की दुर्बीण डोळ्याला आणि उडाला की खाली, हे सारखं चालू असतं. चश्मेवाल्यांनी एकच आकडा बघावा, डोळा मागच्या भिंगापासून किती लांब असला तरी पूर्ण चित्र दिसतं तो. इंग्रजीतला ‘आय रिलीफ’ शब्दच सगळीकडे छापलेला असतो. माझ्या दुर्बिणीत तो १७ मिलिमीटर आहे. १५च्या खाली गेलात तर चश्म्यातून कडेने काळं वर्तुळ येतं आणि मोठ्या दृश्यक्षेत्राचा सगळा फायदा वाया जातो. मागचे रबरी कप चश्म्यावाल्यांनी पिळून पूर्ण आत ठेवायचे, बिनचश्म्याच्यांनी बाहेर काढायचे. आमच्याकडे दुर्बीण हातोहात फिरते तेव्हा हे दर वेळी करावं लागतं. उजव्या डोळ्याजवळची कडीही प्रत्येकाने आपापली जुळवून घ्यायची असते. आधी उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला एखादी फांदी स्पष्ट करायची. मग डावा मिटून, चाकाला हात न लावता, फक्त ती कडी फिरवून उजव्याला स्पष्ट करायची. एकदा जमलं की त्यानंतर फक्त मधलं चाक. कित्येक जण ही कडी कधी हलवतच नाहीत आणि ‘दुर्बिणीने डोळे दुखतात’ म्हणतात.

जवळचं किती जवळ दिसतं, हा गुण मी घेताना गृहीत धरला नव्हता, पण आता सगळ्यात लाडका तोच आहे. माझी दुर्बीण २ मीटरपर्यंत जवळचं स्पष्ट दाखवते. दुपारी पक्षी सावलीला गेले की मी काठावरच्या लव्हाळ्यांकडे वळते. तिथे चतुर बसतात पंख पसरून, आणि टाचण्या, म्हणजे चतुरासारखेच पण बारीक अंगाचे किडे, बसतात पंख पाठीवर मिटून. टाचण्यांची जोडी बघावी. नराने शेपटीच्या टोकाने मादीला मानेपाशी धरलेलं असतं, आणि ती पाण्यालगतच्या देठात एकेक अंडं रोवत खाली खाली सरकत असते. कधी तर नराने धरलेलं असतानाच पाण्याखाली उतरते. हे आठपट मोठं, दोन मीटरवरून, स्वच्छ रंगांत. विरोळा साप दगडावर ऊन खात असेल तर त्याच्या अंगावरच्या चौकटी मोजता येतात, आणि त्याला न उठवता. ज्या दुर्बिणींचं जवळचं अंतर ४-५ मीटर असतं त्यांच्यातून हे अर्धं जग हातून जातं.

आता दोष. वजन पाऊण किलोच्या आतबाहेर आहे आणि सोबत आलेल्या पट्ट्याने मान धरते. दोन्ही खांद्यांवर भार घेणारा पट्टा वेगळा घेतला आणि प्रश्न मिटला. तो आधीपासूनच खोक्यात द्यायला हवा होता. पुढच्या भिंगांची झाकणं सैल आहेत, त्यातलं एक तळ्यात गेलं. चित्राच्या कडा किंचित मऊ आहेत. पक्षी मधोमध ठेवला की जाणवत नाही, पण चांदव्यांचा थवा बघताना कडेचे जरा पुसट दिसतात. आणि मावळतीच्या झगझगीत आभाळासमोर पंख वाळवत बसलेला पाणकावळा बघितला की त्याच्या काळ्या कडेला जांभळट रेघ दिसते. ईडी नावाच्या, रंग कमी फाकवणाऱ्या काचेच्या महागड्या दुर्बिणींत ही रेघ पुष्कळ कमी असते. मला एरवी तिचा त्रास होत नाही. घेताना आपल्याला तो होतो का हे बघायचं असेल तर दुकानाबाहेर येऊन, आभाळासमोरच्या तारेवर किंवा फांदीवर रोखून बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी चांगल्या वाटतात.

भाचीला ही दुर्बीण चालली नाही. सहा वर्षांची आहे. नळ्या जवळ आणून आणून टेकल्या तरी तिच्या डोळ्यांतलं अंतर त्याहून कमी. “आत्या, मला दोन गोल दिसतायत, आणि बदक एकातच आहे,” म्हणाली. बहुतेक मोठ्या दुर्बिणी ५६-५७ मिलिमीटरच्या आत येत नाहीत, आणि लहान मुलांना त्याहून कमी लागतं. एका नळीतून बघायला शिकवलं, तर तिने हळदी-कुंकू बदकाच्या चोचीचं पिवळं टोक आणि मुळाशी असलेले दोन लाल ठिपके लगेच ओळखले. पण जड नळी एका डोळ्याला धरून ठेवणं तिला फार वेळ जमेना. मुलांसाठी दोन बिजागऱ्यांची, घडी होणारी ८×२५च बरी. तिचा पहाटेचा तोटा वर सांगितलाच आहे, पण मुलं तशीही उजाडल्यावरच येतात.

कुठल्याही दुर्बिणीला न सुटणारी एक गोष्ट म्हणजे उन्हाची झळ. ऊन चढलं की पाण्यावरची हवा हलायला लागते आणि पलीकडचे शेकाटे, हे लांब पायांचे पाणपक्षी, लाटांत उभे असल्यासारखे थरथरतात. जास्त पटीने ही थरथर आणखी मोठी दिसते, पक्षी नाही. त्यामुळे दुपारी लांबचं बघायचा हट्ट सोडावा. उन्हाळ्याच्या त्याच वेळी एक मात्र बघण्यासारखं असतं. घरट्यावरचा शेकाट्या किंवा टिटवी मधूनच पाण्यात जाते, पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, ती थंड ठेवायला. त्यासाठी घरटं आपल्याच काठाकडे हवं. सूर्य नेहमी पाठीशी राहील अशी जागा धरावी. दुर्बिणीतून सूर्याकडे चुकूनही बघू नये, डोळ्याचा पडदा कायमचा जळतो. पाण्यात पडलेल्या त्याच्या झळाळत्या प्रतिबिंबावरही रोखू नये. मुलं बरोबर असतील तर हे आधी सांगून, पाठ करून घ्यावं.

थंडीत या दुर्बिणीचं काम सगळ्यात जास्त असतं. चांदवे शेकड्यांनी उतरतात आणि मोकळ्या पाण्यावर पसरून चरतात. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसावरून खाली खाली तरंगत आला की ते एकदम एकमेकांकडे पोहत सरकतात आणि काळा, दाट पुंजका करतात. सुटा राहिलेला हेरायचा असतो ना त्याला. रुंद क्षेत्रात भोवत्या आणि थवा दोन्ही एकाच वेळी दिसतात, म्हणून कोण कुणामुळे हलतंय ते कळतं. वर कवड्या खंड्या एका जागी फडफडत थांबलेला असतो, पंख वेगात आणि डोकं मात्र खिळ्याने ठोकल्यासारखं स्थिर. छातीवर दोन काळे पट्टे असले की नर, एकच आणि तोही मधे तुटलेला असला की मादी. आठपटीत हे सहज दिसतं. मोकळं पाणी मात्र राहिलं पाहिजे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून आलेली, ती एकदा पसरली की डुबकी मारणाऱ्यांना जागाच उरत नाही, मग कितीही चांगली दुर्बीण असली तरी बघायला काही नाही. माझ्या तळ्याच्या एका कोपऱ्यात ती यायला लागली आहे, आणि मला त्याची खरंच काळजी वाटते.

सांभाळण्याबद्दल थोडंसं. भिंगावर आधी फुंकणीने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि सगळ्यात शेवटी भिंगाचं कापड. ओढणीने किंवा शर्टाच्या टोकाने पुसलंत तर धुळीचे कण लेपावर चरे पाडतात. आत नायट्रोजन भरलेली, पाणी न शिरणारी दुर्बीण असेल तर आतून धुकं धरत नाही, माझी कधी धरली नाही. पण पावसाळ्यात बाहेरच्या भिंगांवर बुरशी येऊ शकते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत महिनोन्‌महिने बंद करून ठेवू नका, ओल धरते.

तुमचं पाणी मोठ्या धरणाचं असेल, पक्षी अर्धा-अर्धा किलोमीटर लांब चिखलावर बसत असतील, तर माझं हे मत बाजूला ठेवा. तिथे दहापटीनेही भागत नाही, तिवईवरचा स्पॉटिंग स्कोपच, म्हणजे एका डोळ्याने बघायची जास्त पटीची दुर्बीणच लागते. छोटं तळं असेल, चश्मा असेल, घरातली दोन-तीन माणसं एकच दुर्बीण वापरणार असतील, तर ८×४२, ८ अंशांच्या आसपासचं क्षेत्र, १५च्या वर आय रिलीफ आणि २ मीटरच्या आसपासचं जवळचं अंतर, एवढं बघून घ्या. पैसे कमी पडत असतील तर ईडी काच सोडा, दृश्यक्षेत्र सोडू नका.